सातबारा आणि भाडेपावती

(परळ येथे झालेल्या विद्यार्थी-कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



तुमच्या प्रबंधांचे आराखडे संयोजकांनी मला आधीच वाचायला दिले होते. विषय चांगले आहेत. गिरणगावातल्या जमिनीचा बदलता वापर, कोकणातल्या पडीक जमिनी, शेतजमिनीचं बिगरशेतीकरण, शहराकडे होणारं स्थलांतर. 'शाश्वत' हा शब्द जवळजवळ प्रत्येक शीर्षकात आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मार्गदर्शकांना तो आवडतो हे मलाही ठाऊक आहे. पण सगळे आराखडे वाचून खाली ठेवल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ज्यांनी मुंबईवर लिहायचं ठरवलंय त्यांच्या प्रश्नावलीत गाव कुठेच नाही. आणि ज्यांनी गावावर लिहायचं ठरवलंय त्यांच्याकडे मुंबई येते ती 'कुटुंबातील स्थलांतरित सदस्य: आहे / नाही' एवढ्या एका चौकटीत. जमिनीच्या अभ्यासाची अशी दोन विषयांत वाटणी केली की बाई नेमकी मधल्या फटीत पडते. तिचा संसार दोन्ही जमिनींवर मिळून चाललेला असतो आणि दोन्हीकडच्या कागदावर तिचं नाव नसतं. आज मी याबद्दलच बोलणार आहे.

आपण बसलो आहोत ते परळ. इथून लालबाग, लोअर परळ, दादर, भायखळा असा जो पट्टा आहे त्यात एकेकाळी ५८ कापडगिरण्या होत्या आणि त्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. या गिरण्यांत काम करायला माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरीतून (त्यात आजचा सिंधुदुर्गही आला), साताऱ्यातून, आणि घाटावरच्या इतर जिल्ह्यांतून. आली म्हणजे पुरुष आले. बायका का आल्या नाहीत, याचं उत्तर आपण पटकन 'परंपरा' असं देऊन मोकळे होतो. पगाराचा हिशोब मांडून बघा. गिरणीचा पगार एका माणसाला मुंबईत जगायला आणि थोडी मनीऑर्डर करायला पुरेल इतकाच असे. मुलं, म्हातारे सासू-सासरे, आजारी पडून गावी परतलेला कामगार, संपाच्या दिवसांतलं अख्खं कुटुंब, या सगळ्यांना पोसायची जबाबदारी गावच्या जमिनीवर होती. आणि त्या जमिनीवर राबत होती बाई. म्हणजे गिरणीमालकाला मजुरी कमी देता येत होती याचं एक कारण संगमेश्वर किंवा देवगड तालुक्यातल्या एखाद्या भातखाचरात ओणवं उभं होतं. गिरणीच्या जमाखर्चाच्या वहीत ही नोंद तुम्हाला सापडणार नाही.

गिरणीत बायका नव्हत्याच असंही समजू नका. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाचांतला साधारण एक कामगार बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली. रात्रपाळीची बंदी, १९२९ च्या बाळंतपणाच्या कायद्यानंतर मालकांनी काढलेल्या सबबी, नवी यंत्रं आणि 'रॅशनलायझेशन' अशा वाटांनी त्या कमी होत गेल्या. १९७० च्या दशकापर्यंत हे प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आलं होतं. आमच्या भागातल्या पार्वतीबाई भोरांचं 'एका रणरागिणीची हकीकत' वाचा, म्हणजे त्या काळातल्या बायका लढ्यात कुठे उभ्या होत्या ते कळेल. पुढे घरांच्या वाटपापर्यंत आल्यावर हा मुद्दा पुन्हा निघेल, तो लक्षात ठेवा.

गिरणीबाहेर ज्या बायका होत्या त्यांचं काय? लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या. एका गावचे वीस-तीस पुरुष मिळून एक खोली घेत, पाळीपाळीने झोपत, भिंतीवर प्रत्येकाची ट्रंक. या माणसांना दोन वेळचं जेवण घालत होत्या खाणावळवाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत स्वतःचं कुटुंब आणि वर पंधरा-वीस गडी जेवायला. पगार महिन्याने व्हायचा, म्हणजे महिनाभर किराणा उधारीवर, सावकाराच्या व्याजाने. १९७५ साली दादरला प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ती हकीकत तुमच्यातल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. मी ती इथे आणते आहे ती जमिनीच्या वापराच्या संदर्भात. महानगरपालिकेच्या नकाशावर ती खोली 'निवासी' होती. प्रत्यक्षात ती या शहराच्या सर्वांत मोठ्या उद्योगाची भोजनशाळा होती.

गिरगावातही हेच दिसतं. तिथल्या वाड्यांची नावं एकदा सावकाश म्हणून बघा. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, पलीकडे खेतवाडी. शेती आणि बागायतीची आठवण या नावांतच राहून गेली आहे. जमिनीचा वापर बदलला, वाडीच्या जागी चाळी आल्या, आता चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. पण मधल्या चाळींच्या काळात तिथल्या गच्च्या, गॅलऱ्या आणि मधले चौक कोण कशासाठी वापरत होतं हे कुठल्या नकाशात आहे? १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसून लिज्जतची सुरुवात केली. गच्ची होती म्हणून पापड वाळले. आज पुनर्विकासाच्या आराखड्यात गच्चीला काय स्थान असतं, तिची किल्ली कुणाकडे असते, एवढं जरी एखाद्या विद्यार्थिनीने शंभर इमारतींत जाऊन नोंदवलं तरी चांगला प्रबंध होईल.

आता गावाकडे जाऊ.

विद्यार्थ्यांनी केलेल्या संशोधनाचा एक नमुना मला मुद्दाम सांगायचा आहे. सातारा जिल्ह्यात सुगाव नावाचं गाव आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४० च्या दशकात त्याची पाहणी केलेली होती. हेमलता दांडेकर या वास्तुशास्त्र आणि नियोजन शिकलेल्या बाई १९७० च्या दशकात पीएच.डी.च्या निमित्ताने त्या गावात जाऊन राहिल्या आणि जुन्या पाहणीशी ताडून बघत त्यांनी गावाचा अभ्यास केला. १९८६ मध्ये त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थच 'पुरुष मुंबईला, बायका घरी' असा आहे. या अभ्यासात मला महत्त्वाची वाटते ती पद्धत. एका गावाची चाळीस वर्षं त्यांनी धरली आणि मुंबईला त्या गावाचाच एक भाग मानलं. घरबांधणी कशी बदलली, मुंबईचा पैसा कुठे गेला, बायकांच्या वाट्याला काय आलं, हे सगळं एका सूत्रात पाहिलं. तुम्हाला चाळीस वर्षं मिळणार नाहीत, दोन सत्रं मिळतील. पण एक कुटुंब धरून त्याची दोन्ही टोकं गाठणं दोन सत्रांतही जमतं. एस.टी.चं तिकीट तेवढं काढावं लागेल.

कोकणातल्या जमिनीच्या 'शाश्वत' वापराबद्दल बोलायचं तर तो वापर टिकवला कुणी? पुरुष मुंबईला गेल्यावर नांगर धरायला भावबंद किंवा मजुरीचा माणूस. बाकी कवळ तोडून आणणं, शेण-गवत पसरून राब भाजणं, पेरणी, तरवा काढणं, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी हे बहुतेक बाईच्या हातचं. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी घ्यायची, मग ती काही वर्षं तशीच सोडायची, दुसरीकडे घ्यायची. कुठला तुकडा किती वर्षं विसावला हे तिच्या डोक्यात असे. तुमच्या पुस्तकांत ज्याला मृदसंधारण म्हणतात ते ती कुणी न शिकवता करत होती. ती म्हातारी झाली, सुना विरार-नालासोपाऱ्याला गेल्या, आणि जमीन पडीक पडली. तुमच्यापैकी एकाने आराखड्यात या पडीक जमिनीचं कारण 'मजुरांची टंचाई' असं लिहिलं आहे. ते खोटं नाही. पण ज्या माणसाचं काम थांबलं म्हणून जमीन पडली त्याला आपण आधी कधी शेतकरी म्हटलं नव्हतं, हे त्या दोन शब्दांत झाकलं जातं.

कागद काय म्हणतो ते पाहू. गाव नमुना सातमध्ये मालकाचं किंवा कब्जेदाराचं नाव आणि बारामध्ये पीक. दोन्ही मिळून सातबारा. बारामध्ये पीक असतं, पडीक क्षेत्र असतं, पाण्याचं साधन असतं. लावणी कुणी केली याला रकाना नाही. १९४८ चा कूळकायदा आपल्या चळवळींना अभिमानाचा वाटतो, आणि 'कसेल त्याची जमीन' या घोषणेला तो वाटावाच. पण त्या कायद्यात 'जातीने कसणे' याची जी व्याख्या आहे ती काढून वाचा. स्वतःच्या श्रमाने कसणं जसं त्यात येतं, तसंच कुटुंबातल्या व्यक्तीच्या श्रमाने कसणंही येतं. म्हणजे नवरा लोअर परळला साच्यावर उभा असताना बायको जी जमीन कसत होती ती कायद्याच्या दृष्टीने नवराच जातीने कसत होता. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली तेव्हा नाव लागलं ते त्याचं. पुढे १९९० च्या सुमारास रोजगार हमीला जोडून फळबागेची योजना आली. वरकस जमिनीवर आंबा-काजूची कलमं लागली. अनुदान खातेदाराला. नाचणी, गवत, लाकूडफाटा यांची जी जागा बाईच्या रोजच्या वापरातली होती तिला कुंपण पडलं. योजनेने कोकणात बागा उभ्या राहिल्या हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. जळण आणायला पूर्वी किती चालावं लागे आणि नंतर किती, हे मात्र कुणी मोजलं का ते विचारायला हवं.

याच काळात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन करावी असं आवाहन केलं. १९९२ मध्ये शासनानेही परिपत्रक काढून सातबारावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट मोकळी केली. नवऱ्याची तयारी हवी, एवढीच अट. तुमच्या गावात अशी किती नावं लागली हे तलाठ्याच्या दप्तरातल्या फेरफारांच्या वहीवरून एका दिवसात कळू शकतं. हे काम करून बघाच.

मुलींचं काय? महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हेही स्पष्ट केलं. कायदा असा पुढे गेला आणि त्याच्या मागोमाग हक्कसोडपत्रंही वाढली. भाऊ मुंबईहून गाडी करून येतात, बहिणींना तालुक्याला नेतात, साडी घेतात, जेवण होतं, सही होते. माहेर तुटेल या भीतीपुढे कलम टिकत नाही. याला मी बहिणींचा भोळेपणा म्हणणार नाही. नवऱ्याने टाकलं तर कुठे जायचं, हा हिशोब तिने केलेला असतो.

आता मुंबईचा कागद, म्हणजे भाडेपावती. चाळीतली खोली सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेकरू वारला तर हक्क जातो तो त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे. असं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार. हे वाक्य वरवर साधं आहे. गावी जमीन सांभाळणाऱ्या बायकोच्या बाजूने ते वाचा. आमच्या केंद्रात एक मावशी येतात, नाव-गाव सांगत नाही. नवरा चौतीस वर्षं गिरणीत, त्या तेवढीच वर्षं शेतात. वर्षातून एकदा मे महिन्यात तो गावी यायचा आणि गणपतीला जमलं तर जमलं. तो वारला तेव्हा खोलीत पुतण्या राहत होता. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली आणि पात्र भाडेकरूंच्या यादीत पुतण्याचं नाव लागलं. मावशींना सांगण्यात आलं, तुमचं घर तर गावाला आहे. गावी जमीन अजून सासऱ्याच्या नावे, खाली अकरा वारस, सगळे सामाईक. तिथे दीर म्हणतात, तुझा नवरा मुंबईत कमावत होता, तुझं तिकडे बघ. त्यांच्या पिशवीत मनीऑर्डरीच्या पावत्यांचा गठ्ठा आहे, पैसे घेणारी म्हणून त्यावर त्यांचा अंगठा आहे. सरकारी कागदावर त्यांच्या नावाची निशाणी असलेली तेवढीच. वकिलांनी तो गठ्ठा नवरा-बायकोचा संसार अखंड होता याचा पुरावा म्हणून लावला आहे. प्रकरण चालू आहे.

गिरण्यांच्या जमिनीची हकीकत इथे बसलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे, तरी विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात सांगते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगार गावी परतले. कुणाच्या कष्टावर जगलेल्या जमिनीकडे परतले ते आता सांगायला नको. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकायची मुभा दिली, पण तिचे ढोबळमानाने तीन वाटे करून: एक महानगरपालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र विचार करणारा आराखडा दिला. २००१ मध्ये नियम बदलला, आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळं असतं तरी किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दादरची कोहिनूर मिल क्रमांक ३ त्याच सुमारास, २००५ मध्ये, ४२१ कोटींना विकली गेली होती.

कामगारांनी लढून घरं मिळवली. जून २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं, २२५ चौरस फुटांची. अर्ज लाखाच्या बरेच वर. पात्रता काय? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस. तारीख ठरवताना संपाचा विचार झाला आणि ते योग्यच होतं. पण मघाशी म्हटलं तो मुद्दा इथे येतो. वाइंडिंग खात्यातून त्याआधीच काढून टाकलेल्या बायका या तारखेच्या पलीकडे राहिल्या. खाणावळवाली कुठल्याच पटावर नव्हती. संपात तिची उधारी बुडाली, गिऱ्हाईक गावी गेलं, पण ती 'बाधित' ठरली नाही. आणि वारस म्हणून अर्ज भरताना मुलीने संमतीपत्र लिहून द्यायचं हे घरोघरी गृहीत धरलेलं असतं. गावच्या हक्कसोडपत्राचं हे मुंबईतलं भावंड.

आता उरलेल्यांना कर्जत मार्गावरच्या शेलू आणि वांगणीला घरं देण्याचं सरकारने काढलं आहे. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले आणि त्यांनी मुंबईतच घर मागितलं. मी त्यांच्या बाजूने आहे. पण जमिनीच्या वापराचा अभ्यास करणाऱ्यांनी इथे आणखी एक प्रश्न टाकायला हवा. परळच्या गिरणीच्या जागी कार्यालयं आणि मॉल, आणि गिरणी कामगाराचं घर भातखाचरांच्या पट्ट्यात. त्या खाचरांत कालपर्यंत कोण लावणी करत होतं, जमीन विकली गेली तेव्हा सातबारावर कुणाची नावं होती, मोबदला कुणाच्या खात्यात गेला? ज्या बाईचं गावचं शेत पडीक पडलं तिला घर मिळणार ते दुसऱ्या बाईचं शेत जिथे होतं त्या जागी. या दोघींच्या मुलाखती एका प्रबंधात आलेल्या मला वाचायच्या आहेत.

हे निव्वळ भावनेचं काम नाही. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होत असताना महानगरपालिकेने विद्यमान भू-वापराचे नकाशे काढले होते. नागरिक संघटनांनी वॉर्डावॉर्डात फिरून त्यांतल्या चुका दाखवल्या. त्यात स्त्री संघटनाही होत्या. २०१५ मधला मसुदा सरकारला रद्द करावा लागला, आणि २०१८ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात महिलांसाठी आधार केंद्रांची आरक्षणं आली. कागदावरच्या आरक्षणाची जागा प्रत्यक्षात कुठे आहे, तिथे आज काय उभं आहे, हे बघणं हासुद्धा भू-वापराचाच अभ्यास. जमीन नुसती मागून मिळत नाही. मोजून, नकाशावर बोट ठेवून मागावी लागते.

तेव्हा प्रश्नावली दुरुस्त करताना एवढं करा. 'कुटुंबप्रमुख' हा रकाना काढा, किंवा निदान तो कुणी ठरवला हे लिहा. 'पत्नीचा व्यवसाय: गृहिणी' हे उत्तर आलं की पेन खाली ठेवून विचारा, काल सकाळपासून काय काय केलंत. खोली आणि शेत, दोन्हींसाठी वेगवेगळे तीन प्रश्न: नाव कुणाचं, वापर कुणाचा, विकायचं ठरलं तर विचारणार कुणाला. मुलाखत नवऱ्यासमोर घेऊ नका. आणि सासू समोर असेल तर सासूचीही घ्या, तीही कुणाची तरी सून होती आणि तिला जमिनीचं जास्त माहीत असतं. ज्या बाईचा सातबारा, फेरफार किंवा भाडेपावती तुम्ही अभ्यासासाठी काढाल त्याची एक प्रत तिला द्या, वाचून दाखवून द्या. तुमचा प्रबंध वाचनालयात जाईल. ती प्रत तिला तहसीलदाराकडे किंवा म्हाडाच्या खिडकीवर उपयोगी पडेल.

जेवणानंतरच्या सत्रात प्रत्यक्ष कागद घेऊन बसू. लालबागहून काही मावश्या आपापल्या पिशव्या घेऊन येणार आहेत. प्रत्येकीजवळ दोन विद्यार्थी बसतील. कागदाला हात लावायच्या आधी विचारा, आणि झेरॉक्सचं दुकान खाली कोपऱ्यावर आहे, चार वाजता बंद होतं.